मराठी सादरीकरणाच्या स्लाइड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, मौखिकीची तयारी करणारे संशोधक विद्यार्थी, शेतकरी मेळाव्यांत बोलणारे कृषी अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते अशा, मराठीतून बोलणाऱ्या आणि देवनागरीत स्लाइड्स तयार करणाऱ्या सर्वांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स किंवा लिब्रेऑफिस इम्प्रेस यांपैकी कोणतेही साधन वापरले, तरी येथील बहुतेक उत्तरे लागू पडतील.

भाषण चांगले असूनही श्रोत्यांचे लक्ष का सुटते?

पुष्कळदा त्याचे कारण पडद्यावरच असते. वाचणे आणि ऐकणे या दोन्ही क्रियांसाठी मनाची भाषा समजून घेण्याची एकच शक्ती खर्ची पडते, आणि समोर मजकूर दिसला की साक्षर माणूस तो वाचल्यावाचून राहू शकत नाही. मनातल्या मनात वाचण्याचा वेग बोलण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे वक्ता दुसऱ्या मुद्द्यावर असताना श्रोता पाचवा मुद्दा वाचत असतो. त्याला वक्त्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि वाचलेलेही पुरते लक्षात राहत नाही.

शिक्षणाच्या मानसशास्त्रात या प्रश्नाचा बराच अभ्यास झालेला आहे. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत आणि रिचर्ड मेयर यांचे चित्र व शब्द यांच्या मेळावरचे प्रयोग एकाच दिशेने बोट दाखवतात: चित्र आणि त्यावरचे बोलणे एकत्र आले तर समज वाढते, पण तेच बोलणे जसेच्या तसे लिहून चित्राच्या जोडीला ठेवले तर समज सहसा घटते. एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात याविषयी जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ‘सात, दोन कमी-अधिक’ हा आकडा मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो सुमारे चारवर आणला. आठ मुद्द्यांची स्लाइड दाखवून त्यावर भरभर बोलणारा वक्ता या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची अपेक्षा श्रोत्यांकडून करत असतो.

यातून निघणारे सूत्र या पानावरच्या बहुतेक उत्तरांना आधार देते. जे तोंडाने सांगता येते ते तोंडाने सांगावे, आणि जे कितीही बोलले तरी डोळ्यांसमोर उभे राहत नाही तेवढेच पडद्यावर आणावे.

म्हणजे स्लाइडवर काहीच लिहायचे नाही का?

लिहायचे, पण निवडून लिहायचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जपलेली चित्रकथीची परंपरा या बाबतीत मला नेहमी मार्गदर्शक वाटते. रामायण-महाभारतातील प्रसंगांची हाताने रंगवलेली चित्रे एकेक करून समोर धरायची आणि कथा गाऊन व बोलून सांगायची, अशी ही कला आहे. तिच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रात प्रसंग असतो आणि कथा सांगणाऱ्याच्या तोंडी असते. दोघांची कामे इतकी वेगळी असतात की प्रेक्षकाला एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावे लागत नाही.

आपल्या विषयात मात्र लेखी मजकुराची गरज पडते. स्लाइडचे शीर्षक, आलेखावरची नावे, ऐकून नीट न कळणारी विशेषनामे व पारिभाषिक शब्द, महत्त्वाचे आकडे, आणि ज्यातील प्रत्येक शब्दाला महत्त्व आहे असा उतारा, उदाहरणार्थ ज्ञानेश्वरीतील ओवी किंवा कायद्याचे कलम, हे सर्व पडद्यावर असणे योग्यच आहे. उतारा दाखवला की वक्त्याने थांबावे, श्रोत्यांना तो शांतपणे वाचू द्यावा किंवा स्वतः सावकाश वाचून दाखवावा, आणि त्यानंतरच विवेचन सुरू करावे.

शीर्षकात काय लिहावे?

एक पूर्ण वाक्य लिहावे. स्लाइड सुधारण्याचा याहून मोठा आणि बिनखर्चाचा उपाय मला माहीत नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील मायकेल ॲली यांनी या पद्धतीचा दीर्घकाळ पुरस्कार केला आहे: वर विधान आणि खाली त्या विधानाचा दृश्य पुरावा.

सातारा जिल्ह्यातील पर्जन्यमानावर एक स्लाइड करायची आहे असे समजू. बहुतेक जण शीर्षक देतील ‘सातारा जिल्हा: तालुकानिहाय पर्जन्यमान’, आणि खाली सर्व तालुक्यांचा तक्ता चिकटवतील. या शीर्षकातून विषय कळतो, पण त्याविषयी वक्त्याला काय म्हणायचे आहे ते कळत नाही. आता वस्तुस्थिती पाहू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात, पश्चिम उतारावर व घाटमाथ्यावर बहुतेक पाणी सांडतात, आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. तेव्हा शीर्षक असे हवे: ‘सह्याद्री ओलांडल्यावर एकाच जिल्ह्यात पाऊस सुमारे दहापटीने घटतो.’ त्याखाली पश्चिमेकडून पूर्वेकडे महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि माण तालुक्यातील दहिवडी अशा क्रमाने चार स्तंभ उभे करावेत. स्तंभांची उतरंड पाहताच श्रोत्याच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि वक्त्याला तेच तर समजावून सांगायचे असते.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. स्लाइडसाठी पूर्ण वाक्य सुचत नसेल, तर त्या स्लाइडमधून काय सांगायचे आहे हे आपले अजून ठरलेले नाही, हे वक्त्याला घरीच कळते. सर्व शीर्षके एकाखाली एक लिहून वाचली आणि त्यांतून सलग युक्तिवाद उभा राहिला, तर मांडणी पक्की झाली असे समजायला हरकत नाही.

बुलेटमधील मुद्दे सर्वच जण वापरतात. त्यांत चूक काय?

बुलेटमुळे मुद्द्यांमधले नाते नाहीसे होते. ‘त्यामुळे’, ‘तरीही’, ‘परंतु’, ‘या अटीवर’ हे शब्द गळून पडतात, आणि कारण, परिणाम, अपवाद व तपशील हे सारे एकाच ठिपक्यामागे सारख्याच मानाने उभे राहतात. त्यातून किती गंभीर अनर्थ होऊ शकतो याचे उदाहरण कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेत सापडते.

१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण करून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्स सादर केल्या. त्यांपैकी एका महत्त्वाच्या स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. खाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे अशी उतरंड होती, आणि अगदी तळाशी, लहान अक्षरांत, आदळलेल्या तुकड्याचे अंदाजित आकारमान १९२० घन इंच असून चाचणीतील तुकडा अवघा ३ घन इंचांचा होता, ही नोंद होती. चाचणीतील तुकड्याहून ६४० पट मोठ्या तुकड्याविषयी त्या चाचणीवरून भरवशाचा निष्कर्ष काढता येत नाही, हीच खरे तर त्या स्लाइडवरची सर्वांत मोठी बातमी होती आणि ती सर्वांत खालच्या पायरीवर होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडचे केलेले विश्लेषण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात घेतले, आणि अशी स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला जिवावरचा धोका जाणवला नसेल तर ते समजण्यासारखे आहे, असे मत नोंदवले.

दुर्घटनेला अर्थातच इतरही अनेक कारणे होती आणि सर्व दोष एका स्लाइडवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीसुद्धा जमिनीचा पोत, औषधाची मात्रा किंवा पुलाची क्षमता यांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या स्लाइडमधील शेवटचा उपमुद्दा एकदा शीर्षकाच्या जागी ठेवून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समान दर्जाच्या, परस्परांशी कार्यकारणसंबंध नसलेल्या गोष्टींची यादी, उदाहरणार्थ अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे, देताना बुलेट जरूर वापरावेत.

वीस मिनिटांच्या भाषणाला किती स्लाइड्स असाव्यात?

याला ठरावीक आकडा नाही. गाय कावासाकी यांनी उद्योजकांसाठी दहा स्लाइड्स, वीस मिनिटे आणि किमान ३० पॉइंटची अक्षरे असा नियम सुचवला. याउलट २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पेचाकुचा या प्रकारात वीस स्लाइड्स प्रत्येकी वीस सेकंद दाखवून ६ मिनिटे ४० सेकंदांत बोलणे संपवतात. दोन्ही पद्धतींनी उत्तम भाषणे झालेली आहेत. एका स्लाइडवर एकच विधान एवढे पाळले, तर संख्या वाढली म्हणून काही बिघडत नाही.

अक्षरे किती मोठी असावीत, हे घरी बसून कसे ठरवावे?

शेवटच्या रांगेतील श्रोत्याला पडदा जेवढा लहान दिसतो, तेवढाच आपला लॅपटॉप लहान दिसेल इतके दूर उभे राहून स्लाइड वाचून पाहावी. हिशेब सोपा आहे. सभागृहातील पडद्यावरचे चित्र दीड मीटर उंच आणि शेवटची रांग बारा मीटरांवर असेल, तर ते अंतर उंचीच्या आठपट झाले. पंधरा इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण १९ सेंटीमीटर असते. तिची आठपट म्हणजे दीड मीटर, सुमारे पाच फूट. लॅपटॉप टेबलावर ठेवून पाच फूट मागे सरकल्यावर जे वाचता येत नाही, ते शेवटच्या रांगेतही वाचता येणार नाही. श्रोत्यांत वयस्क मंडळी अधिक असतील, तर आणखी दोन पावले मागे जावे.

साडेसात इंच उंचीच्या नेहमीच्या स्लाइडवर देवनागरी मजकूर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नये आणि शीर्षक ३६ ते ४० पॉइंट ठेवावे. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की पॉवरपॉइंट आपोआप अक्षरे लहान करत जाते. ती सोय बंद करून ठेवावी, म्हणजे मजकूर जास्त झाल्याचे वेळीच ध्यानात येते.

देवनागरीसाठी कोणता फॉन्ट घ्यावा?

पडद्यासाठी जाडी शक्यतो सारखी असलेला, मोकळ्या वळणाचा युनिकोड फॉन्ट (युनिकोड म्हणजे काय ते पुढे येईल) घ्यावा. देवनागरीत अक्षरांच्या वर शिरोरेघ, मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येत असल्यामुळे, त्या सर्वांना जागा देताना मधले मुख्य अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान दिसू शकते. शिवाय जाड-बारीक रेषांच्या डौलदार फॉन्टमधील बारीक रेषा प्रोजेक्टरच्या प्रकाशात विरून जातात. छापील निमंत्रणपत्रिकेवर शोभणारे वळण पडद्यावर म्हणूनच निरुपयोगी ठरते.

विंडोजबरोबर येणाऱ्या फॉन्टपैकी निर्मला हा चांगला पर्याय आहे. सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल अनेक विंडोज संगणकांवर सापडतो, त्यामुळे ऐन वेळी तोच उपयोगी पडतो. विनामूल्य मिळणाऱ्यांत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद आणि गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही पडद्यावर स्वच्छ दिसतात, आणि त्यांत बारीक ते ठळक अशा अनेक जाड्या उपलब्ध असतात. एक टाइपचाच बालू शीर्षकासाठी किंवा मुलांसमोरच्या कार्यक्रमासाठी छान आहे, पण सलग मजकुरासाठी तो फार वजनदार होतो.

फॉन्ट निवडण्यापूर्वी त्यात ‘दऱ्याखोऱ्यांतील वाऱ्याने ऱ्हास’ असे काही टंकित करून पाहावे. मराठीतील अर्ध्या र चे हे रूप काही फॉन्टमध्ये बिघडते. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, हेही पाहावे. हिंदी वळणाने वाचन अडत नाही हे खरे. तथापि मराठी श्रोत्यांपुढे मराठी वळणाची अक्षरे ठेवणे हा त्यांच्या भाषेचा मान आहे, असे मी मानतो.

ओळींमधील अंतर, ठळक अक्षरे आणि तिरपी अक्षरे यांविषयी काय काळजी घ्यावी?

ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक, १.२ ते १.४ पट ठेवावे, अन्यथा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. अक्षरांमधील अंतर मात्र कधीही वाढवू नये, कारण त्यामुळे शिरोरेघ तुटते आणि शब्द विखुरतो. तिरपी अक्षरे देवनागरीच्या प्रकृतीत नाहीत. संगणक सरळ अक्षर नुसते कलते करतो आणि ते दुरून वाचवत नाही. भर द्यायचा असेल, तर तो शब्द ठळक करावा किंवा त्याला वेगळा रंग द्यावा. दोन्ही एकदम करण्याची गरज नसते.

माझी फाइल सभागृहातील संगणकावर उघडली की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. असे का होते?

मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेला असतो, म्हणून. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर फक्त देवनागरीचे रूप चढवतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर रूप उतरते आणि मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असल्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घातल्यावाचून त्यावर विसंबू नये. युनिकोड फाइलमध्येही फॉन्ट बदलला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि मांडणी हलते. त्यावर दोन उपाय आहेत. पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीत फाइल साठवण्याच्या पर्यायांमध्ये फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय आहे, आणि फॉन्टचा परवाना तशी मुभा देत असेल तर ती वापरावी. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे त्याच फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर बरोबर ठेवणे.

पार्श्वभूमी गडद असावी की फिकट?

हे सभागृहातील उजेडावर ठरते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. ज्या जागी काळा रंग हवा तेथे तो केवळ प्रकाश टाकत नाही. म्हणून खोलीत उजेड असेल, तर पडद्यावरचा ‘काळा’ हा प्रत्यक्षात त्या उजेडात दिसणाऱ्या पांढऱ्या कापडाचा राखाडी रंग असतो. खिडक्यांना पडदे नसलेल्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा दुपारच्या वेळी मंगल कार्यालयात गडद निळ्या पार्श्वभूमीवरची सुंदर स्लाइड धुरकट दिसते, त्यामागचे कारण हेच आहे. अशा ठिकाणी पांढऱ्या किंवा किंचित पिवळसर पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवावीत. नाट्यगृहासारख्या पूर्ण अंधाऱ्या सभागृहात गडद पार्श्वभूमी डोळ्यांना सुखावते. जागा कशी असेल हे ठाऊक नसेल, तर फिकट पार्श्वभूमी घ्यावी.

रंग किती आणि कोणते वापरावेत?

मजकुरासाठी एक, भर देण्यासाठी एक आणि दुय्यम गोष्टींसाठी राखाडी, एवढे बहुधा पुरते. पांढऱ्यावर पिवळा, लालावर निळा आणि फोटोवर थेट अक्षरे या तीन गोष्टी टाळाव्यात. तांबडा व हिरवा या रंगांतील भेद ज्यांना नीट दिसत नाही असे लोक प्रत्येक मोठ्या श्रोतृवर्गात असतात, आणि या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यांत पुरुषांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. म्हणून ‘हिरवे गाव पाणीदार, तांबडे टंचाईग्रस्त’ असा नकाशा करताना निळा व नारिंगी ही जोडी घ्यावी, किंवा रंगाच्या जोडीला नाव लिहावे.

एक्सेलमधील तक्ता स्लाइडवर कसा आणावा?

शक्यतो आणू नये. तक्ता हा हातात धरून, बोट ठेवून वाचण्याचा प्रकार आहे. बारा स्तंभांचा तक्ता पडद्यावर आणून ‘हे तुम्हाला दिसत नसेल, पण…’ असे म्हणणारा वक्ता ती स्लाइड श्रोत्यांसाठी केलेली नाही हेच सांगत असतो. तक्त्यातील ज्या दोन-तीन आकड्यांमुळे आपले विधान सिद्ध होते ते शोधावेत आणि त्यांचा आलेख करावा.

आलेख निवडताना प्रश्न कोणता आहे हे पाहावे. तुलनेसाठी स्तंभालेख आणि काळानुसार बदलासाठी रेषालेख योग्य ठरतो. वर्तुळालेखात तीनांहून अधिक वाटे असतील तर डोळ्यांना कोनांतील फरक नीट जोखता येत नाही, त्यामुळे तिथेही स्तंभालेखच बरा. आडवी मांडणी केलेल्या स्तंभालेखात मराठीतील लांब नावे सरळ लिहिता येतात आणि मान वाकडी करून वाचावी लागत नाहीत. रंगांची सूची कोपऱ्यात देण्याऐवजी नाव थेट रेषेशेजारी लिहावे. त्रिमितीय आलेख कोणत्याही कारणासाठी करू नयेत. मागे झुकलेला स्तंभ खरा किती उंच आहे हे कोणालाच कळत नाही.

आकडे भारतीय पद्धतीने गटवावेत, म्हणजे १,२५,००० असे, आणि एक्सेलने मिलियनमध्ये दाखवलेली किंमत लाख-कोटींमध्ये आणावी. देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच फाइलमध्ये मिसळू नयेत. आलेखावरचे अंक बारीक राहिले, तर १ आणि ९ दुरून एकसारखे भासतात, हेही लक्षात ठेवावे.

फोटो वापरताना काय पाहावे?

फोटोने मुद्दा पुढे न्यावा. ‘शेती’ या शब्दाशेजारी हसऱ्या शेतकऱ्याचा इंटरनेटवरून घेतलेला फोटो काहीच सांगत नाही. बोंडअळीने आतून पोखरलेले कपाशीचे बोंड, जवळून घेतलेले आणि पूर्ण स्लाइडभर, एका क्षणात सर्व काही सांगते. फोटो ताणून चपटा करू नये, दुसऱ्याचा असेल तर श्रेय द्यावे, आणि लाभार्थी, रुग्ण किंवा मुले ओळखू येत असतील तर संमतीशिवाय दाखवू नये.

ॲनिमेशन वापरावे का?

गुंतागुंतीची आकृती टप्प्याटप्प्याने उलगडण्यासाठी जरूर वापरावे. आधी समुद्र व वारे, मग सह्याद्रीचा कडा, मग ढग, मग पलीकडचा कोरडा प्रदेश अशी आकृती एकेक भागाने पुढे आली, तर श्रोते वक्त्याबरोबर चालतात. गिरक्या घेत येणारी अक्षरे आणि आवाज करणारे बदल पूर्णपणे वगळावेत.

स्लाइडवर मजकूर कमी ठेवला, तर मला काय बोलायचे ते कसे आठवेल? आणि नंतर ‘पीपीटी पाठवा’ म्हणणाऱ्यांना काय द्यायचे?

हे दोन्ही प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतो, कारण स्लाइड्स मजकुराने भरण्यामागे बहुतेकदा यांपैकीच एक चिंता असते. आठवण्यासाठी प्रत्येक स्लाइडखाली टिपणाची जागा असते. वक्त्यासाठीच्या दृश्यात ती टिपणे, पुढची स्लाइड आणि घड्याळ फक्त आपल्या लॅपटॉपवर दिसतात. हातातील कागदी टिपणेही तितकीच उपयोगी आहेत, आणि वीज गेली तरी ती वाचता येतात.

पाठवण्यासाठी स्वतंत्र टिपण लिहावे. जे वाचूनच पूर्ण कळते त्याला वक्त्याची गरज उरत नाही, आणि ज्याला वक्त्याची गरज असते ते नुसते वाचून कळत नाही. एकाच फाइलकडून दोन्ही कामे करून घेऊ गेल्यास दोन्ही अर्धवट होतात. दोन पानांच्या सलग गद्यात मुद्दे, संदर्भ, तक्ते आणि संपर्काची माहिती द्यावी आणि ते भाषणानंतर वाटावे. आधी वाटले, तर माना खाली जातात. ॲमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि त्याऐवजी सहा पानांपर्यंतचे सलग टिपण सुरुवातीला सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत सुरू केली. सविस्तर निर्णय घ्यायचा असेल तेथे हा मार्ग आपल्याकडील समित्यांनीही अवलंबावा, असे मला वाटते.

ऑनलाइन सादरीकरणासाठी वेगळे काही करावे लागते का?

अनेक जण मोबाइलवर पाहत असतात हे धरून चालावे. स्लाइड स्वतःच्या फोनवर, आडवा न करता, उघडून पाहावी. त्यात जे वाचता येत नाही ते मोठे करावे किंवा काढावे. एकाच स्लाइडवर फार वेळ थांबू नये, कारण समोर वक्ता हालचाल करताना दिसत नाही आणि पडदा स्थिर राहिला की संपर्क तुटल्यासारखे वाटते.

सभागृहात पोहोचल्यावर काय तपासावे?

प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते की व्हीजीए, हे आदल्या दिवशीच विचारावे आणि दोन्हींचे जोड स्वतःजवळ ठेवावेत. जुन्या प्रोजेक्टरवर चित्र ४:३ या प्रमाणात येते आणि १६:९ ची स्लाइड वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून लहान दिसते. तेव्हा प्रमाणही विचारून घ्यावे. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये पुढच्या लोकांच्या डोक्यांआड पडद्याचा खालचा भाग झाकला जातो, म्हणून महत्त्वाचा मजकूर स्लाइडच्या तळाशी ठेवू नये. एकदा शेवटच्या रांगेत स्वतः जाऊन बसावे. श्रोत्यांनी फक्त आपल्याकडे पाहावे असे वाटेल तेव्हा पॉवरपॉइंटमध्ये इंग्रजी बी हे अक्षर दाबावे. पडदा काळा होतो आणि पुन्हा तेच दाबले की स्लाइड परत येते.

शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड ठेवावी का?

धन्यवाद तोंडाने द्यावेत. प्रश्नोत्तरे पुष्कळदा भाषणाइतकीच लांबतात, आणि त्या संपूर्ण काळात फुलांच्या चित्रावरचे ‘धन्यवाद’ पडद्यावर राहिले तर ती जागा वाया जाते. त्याऐवजी भाषणातील सर्वांत महत्त्वाचा आलेख किंवा आकृती पुन्हा लावून ठेवावी, म्हणजे प्रश्न तिला धरून येतात. अपेक्षित प्रश्नांसाठी केलेल्या जादा स्लाइड्स तिच्यामागे क्रमांक देऊन ठेवाव्यात आणि ते क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. पॉवरपॉइंटमध्ये क्रमांक टंकित करून एंटर दाबले की थेट ती स्लाइड उघडते, आणि माण तालुक्याविषयी विचारणाऱ्या श्रोत्याला माण तालुक्याचाच आलेख लगेच दाखवता येतो.